जहाज नको, पाणी बघ

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळे घडीबाई म्हणत. खरं नाव मुकादमाला ठाऊक असेल, पण त्या नावाने हाक मारली असती तर तिने चटकन ओ दिली नसती. इस्त्रीच्या रोलरमधून वाफाळत बाहेर आलेली चादर दोघींनी दोन टोकांना धरायची, झटकायची, एकमेकींकडे चालत जायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. रात्रभर हेच. तिच्या हाताची सवय अशी झाली होती, की समोर येईल त्याची ती घडी घालून मोकळी व्हायची. फेरीबोटीचं तिकीट, औषधाची पिशवी, कुणी बोलता बोलता टेबलावर ठेवलेला रुमाल, काहीही. जोडीदारीण म्हणायची, "बाई, नवऱ्याला जप. एखाद्या दिवशी त्याचीही घडी घालून ठेवशील!" पुढे नवरा खरोखरच अंथरुणाला खिळला, तेव्हा जोडीदारणीने आपली जीभ चावली. घडीबाई मात्र हसली होती. रडायला सवड लागते, ती तिच्याकडे नव्हती.

"घडीबाईला घडीभर झोप नाही," हा मुकादमाचा आवडता विनोद. दिवसाआड एकदा तरी तो करायचाच. माणूस वाईट नव्हता, पण विनोद एकच होता त्याच्यापाशी.

धुलाईखान्यात मळलेल्या चादरींमधून काय काय निघे. चमचे, चष्मे, मोजे, एकदा तर अख्खी कवळी. कवळीचा मालक दुसऱ्या दिवशी स्वतः आला आणि बोळक्या तोंडाने इतका गोड हसला, की सगळ्या बायका खूश झाल्या. अशा दिवशी रात्र जरा लवकर सरे. एरवी ती मुळीच सरत नसे. पाय आधी दुखायचे, मग सुजायचे, मग आपले वाटेनासे व्हायचे. आणि सकाळी खाडी ओलांडून घरी गेलं की दुसरी पाळी सुरू.

घरी नवरा होता. दीड वर्षापूर्वी त्याची डावी बाजू गेली. त्याआधी जन्मभर तो ड्रेजरवर होता, म्हणजे खाडीतला गाळ उपसणाऱ्या बोटीवर. ही खाडी दिसायला ऐसपैस, पण आत काही दम नाही. ओहोटीच्या वेळी मधोमध बगळे उभे राहतात आणि त्यांचे गुडघेही भिजत नाहीत. मोठ्या बोटींना गोदीपर्यंत जाता यावं म्हणून पाण्याखाली एक खोल वाट कोरून ठेवलेली आहे. ती वाट कोरायची, ती बुजणार, पुन्हा कोरायची. नवरा म्हणे, "तू घरातला केर काढतेस, मी समुद्राचा काढतो. दोघांच्याही कामाचं कुणाला कौतुक नाही." वाट पाण्याखाली, त्यामुळे ती कुणाला दिसायची नाही. स्वतः त्यालाही नाही.

लग्न नवं होतं तेव्हा तो एकदा कामावरून आला, चेहरा पाडून बसला आणि म्हणाला, "आज पाणी फारच कमी होतं गं." हिने बिचारीने धावाधाव केली. शेजारणीकडून हंडा आणला, बादल्या भरल्या, आंघोळीचं घंगाळंसुद्धा भरून ठेवलं. तो बघतच राहिला. या लोकांच्या बोलीत पाणी म्हणजे तळापर्यंतची खोली, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं! पुढे कित्येक वर्षं तो चारचौघांत हा किस्सा सांगून तिला चिडवायचा आणि ती "पुरे हो आता" म्हणत आत निघून जायची. आता किस्सा सांगताना त्याची जीभ अडखळते. म्हणून तो सांगत नाही. तिला त्या चिडवण्याची आठवण येते.

त्याच्या हातचं शेवटचं काम म्हणजे वाकणावरची वाट. इस्पितळाच्या बाजूला फेरीचा धक्का आहे ना, त्याच्या अगदी समोर ही पाण्याखालची वाट वळते. त्या वळणाला वाकण म्हणतात. तिथे एक लाल बोया तरंगत असतो. ते वाकण खोल करायला महिने लागले, आणि काम आटोपल्यावर काही दिवसांतच तो न्हाणीघराच्या दारात कोसळला. संसाराची घडी विस्कटली ती तेव्हा. चादरीची घडी विस्कटली तर झटकून पुन्हा घालता येते. ही काही पुन्हा बसली नाही, नुसती कशीबशी गोळा करून ठेवली आहे.

आणि आता जहाज येणार होतं. एवढं मोठं जहाज या खाडीत कधीच आलेलं नव्हतं. दुरुस्तीसाठी गोदीत न्यायचं होतं, टगबोटी पुढून ओढणार आणि मागून सावरणार. नवऱ्याचा एक जुना दोस्त त्यातल्याच एका टगवर सुकाणूला होता. इंजिनाच्या आवाजात आयुष्य गेल्यामुळे त्याला स्वतःला कमी ऐकू येई, म्हणून तो जगाशी ओरडून बोले. त्याचं नाव पडलं होतं भोंगा. भोंगा भेटायला आला की इमारतीतल्या सगळ्यांना कळे.

"तुझं वाकण बुजलंय रे!" तो खाटेशेजारी बसून ओरडायचा. "गाळ येऊन बसलाय. जहाज तिथे तळ घासणार, लिहून ठेव!"

"नाही घासणार," नवरा म्हणायचा.

"घासणार!"

"नाही म्हणतो ना!"

घासणार, नाही घासणार, असं महिनाभर चाललं होतं. घडीबाईला वाटायचं, घासलं काय न घासलं काय, माझ्या पायांना काय फरक पडतो? पण भोंगा गेल्यावर नवऱ्याचा चेहरा ती बघायची. या माणसाला आता भांडायला दुसरं काही उरलेलं नाही, हे तिला दिसायचं. वाकण खोल निघालं तर आपण जन्मभर काहीतरी केलं, नाही तर नुसता चिखल इकडचा तिकडे केला, एवढ्यावर त्याची गाडी येऊन थांबली होती.

"भोंग्याच्या तोंडून खरं निघायचं नाही," आदल्या संध्याकाळी त्याने तिला सांगितलं. "नाही घासलं तरी घासलं म्हणेल. तू बघ. सकाळी धक्क्यावरच असशील. जहाजाचं शेपूट लाल बोयाच्या पुढे गेलं की मागचं पाणी बघायचं. तळ घासला तर गाळ वर येतो, पाणी कॉफीसारखं होतं. नाही घासला तर हिरवं ते हिरवंच. बाकी लोक जहाज बघत बसतील. तू जहाज नको बघू, पाणी बघ."

"बघते."

"नक्की?"

"अहो, बघते म्हटलं ना."

त्यांच्या खोलीतून खाडी दिसत नाही. तिसरा मजला, लिफ्ट नाही, खिडकीसमोर दुसऱ्या इमारतीची भिंत. त्याला उचलून खाली न्यायचं तर चार धडधाकट माणसं हवीत, आणि सकाळच्या वेळी धडधाकट माणसं कामावर असतात.

सकाळी ती धुलाईखान्यातून बाहेर पडली तेव्हा धक्क्यावर जत्रा भरल्यासारखी गर्दी होती. फुगे तेवढे नव्हते. माणसांना मोठी वस्तू बघायची भारी हौस. कुणी पोरांना खांद्यावर घेतलेलं, कुणी दुर्बीण आणलेली, एकाने तर घडीची खुर्ची. तिकीटवाल्याने फेरीच्या वाटेवर दोर बांधला होता.

"फेरी बंद! जहाज जाईपर्यंत बंद!" तो दर माणसाला सांगत होता, आणि दर माणूस पुन्हा विचारत होता.

तिने कठड्यापाशी जागा धरली. बोया समोर दिसत होता, भोवतालचं पाणी हिरवं. फोन वाजला.

"पोचलीस? बोया दिसतोय?"

"दिसतोय."

"सोड सगळं, तिथेच उभी राहा. ताई निघालीय, मी ठीक आहे."

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. घडीबाई तिला वन्सं म्हणे. वन्सं खालच्याच मजल्यावर राहत आणि रात्री भावाजवळ झोपायला येत. सकाळ झाली की मात्र त्यांना कामावर पळावं लागे. म्हणजे आता तो एकटा होता. पाण्याचं भांडं हाताशी ठेवलं असेल का त्यांनी, हा विचार तिच्या डोक्यात आला आणि घर करून बसला.

जहाजाचा पत्ता नव्हता. भरती पुरती चढल्याशिवाय ते आत शिरणार नव्हतं. ऊन चढू लागलं. कठड्याचं लोखंड तापलं. गेले काही दिवस नवऱ्याला खोकला होता, त्यामुळे तिची दुपारची झोपही झाली नव्हती. तिचे गुडघे आपोआप वाकायला लागले. बाकावर एक जाडजूड बाई मांडीवर भली मोठी पिशवी घेऊन बसली होती. ती सरकली.

"बसा हो. उभ्याने येणार असेल ते बसल्यानेही येईलच की."

बाईचं बोलणं बिनतोड होतं. घडीबाई बसली. बाकावरूनही बोया दिसत होता, तिने आधी ते तपासून घेतलं.

मग जहाज आलं. आधी तिला कळलंच नाही. खाडीच्या तोंडाशी नवी इमारत कुणी बांधली, असं वाटलं. मग ती इमारत मोठी होऊ लागली. पुढे एक टगबोट एवढीशी, मोठ्या बैलाला पोराने दोरीने ओढत न्यावं तशी. लोक ओरडले, मग एकदम गप्प झाले. जहाज इतकं सावकाश येत होतं की हलतंय हेच पटत नव्हतं. पलीकडच्या किनाऱ्यावरची घरं मात्र एकेक करून त्याच्यामागे जात होती. शाळा गेली, पाण्याची टाकी गेली, मग तिच्या इमारतीची गच्ची गेली. तो तिकडे, ती इकडे, आणि मध्ये ही लोखंडाची भिंत. बोया अजून पुढे होता. शेपूट तिथे पोचायला अजून अवकाश होता. तिने डोळे बोयावर रोखून धरले.

आणि जहाजाची सावली धक्क्यावर आली.

ऊन त्याच्या पलीकडून होतं, त्यामुळे ती काळी थंडगार सावली आधी पाण्यावरून सरकली, मग कठड्यावर चढली आणि बाकावर येऊन पसरली. रात्रपाळी करणाऱ्याला दिवसाउजेडी झोपावं लागतं. पडद्यातून ऊन, भिंतीतून आवाज, डोळ्यांवर आडवा हात. दिवसा असा काळोख तिला कित्येक महिन्यांत मिळाला नव्हता. त्यात इंजिनाची ती संथ घरघर, धुलाईखान्यातल्या रोलरसारखीच, हाडात मुरलेली. तिने डोळे मिटलेसुद्धा नाहीत, असं ती नंतर शपथेवर सांगत होती. ते आपले मिटले.

डोळे उघडले तेव्हा तोंडावर ऊन होतं. गर्दी पांगत होती. घडीच्या खुर्चीवाला खुर्ची मिटत होता. जहाज पार गोदीच्या टोकाला, पाठमोरं, आता तर ते फारसं मोठंही दिसत नव्हतं. ती ताडकन उठून कठड्याशी गेली. फेरीबोट धक्क्याला लागत होती आणि तिच्या पंख्याने सगळं पाणी ढवळून टाकलं होतं. त्या पाण्याने कुठलीच साक्ष दिली नसती.

"तुम्ही पाणी बघितलंत?" तिने पिशवीवाल्या बाईला विचारलं.

"अहो, काय ते जहाज! मान दुखली बघून. तुम्हाला उठवणार होते, पण तुम्ही अशा झोपला होतात, हात लावायचा धीर होईना."

"पण मागचं पाणी? बोयाजवळचं? कसं होतं?"

"पाणी?" बाईने आठवून पाहिलं. "पाण्याकडे कोण बघतंय?"

एका तरुणाने सबंध जहाजाचं चित्रण केलं होतं. ती त्याला गाठून फोनमध्ये डोकावली. जहाजाचा कळस, जहाजाचं धुराडं, मग बराच वेळ खुद्द तरुण, दात दाखवत. पाण्याचा थेंब नाही. तिकीटवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "पाणी? होतं की खाली." एवढा धक्का भरून माणसं, प्रत्येकाला दोन दोन डोळे, आणि सगळे वर! तिला संताप आला. मग लक्षात आलं, आपले तर वरही नव्हते आणि खालीही नव्हते.

फेरीत बसल्यावर तिने तिकिटाची घडी घातली, पुन्हा घातली, शेवटी ते तांदळाएवढं झालं. खोटं बोलायचं. त्यात काय एवढं? हिरवं होतं म्हणायचं. आजारी माणसाला बरं वाटेल. भोंगा काय ते ओरडेल, पण नवरा बायकोच्या शब्दावर विश्वास ठेवेल. 'हिरवंगार होतं.' तिने मनातल्या मनात म्हणून पाहिलं. 'गार' जरा जास्त होतंय. 'हिरवं होतं.' बस्स. तीन मजले चढताना तिने ते पायरीपायरीला म्हटलं.

दार उघडलं आणि तिचे पाय उंबऱ्यातच थबकले. त्याने दाढी करून घेतली होती. वन्संकडून कामावरचा निळा शर्ट घालून घेतला होता, दीड वर्षं ट्रंकेत पडलेला. उशांना टेकून तो बसून होता, दाराकडे तोंड करून. पाण्याचं भांडं हाताशी होतं.

"सांग," तो म्हणाला.

"हिरवं होतं."

त्याने डोळे मिटले. मिटल्या डोळ्यांनीच तो हसला. तोंडाची एकच बाजू हसली, पण ती बाजू पुरेपूर हसली.

"पहिल्यापासून सांग," तो म्हणाला. "आत शिरताना कसं आलं? वाकणावर कसं वळलं? बोयापासून किती लांब होतं? सावकाश सांग, घाई नाही. शेपूट पुढे गेल्यावर पाणी लगेच मिटलं की भोवरे उठले?"

तिने तोंड उघडलं. घरं झाकली गेली इथपर्यंत तिने सांगितलं. शाळा, टाकी, गच्ची. तो मान डोलावत होता. मग पुढे सांगायला काहीच नव्हतं, आणि तो दाढी केलेला चेहरा वाट बघत होता.

"मी झोपले," ती म्हणाली.

"काय?"

"झोप लागली मला. बाकावर. हिरवं बिरवं काही बघितलं नाही मी. जहाज समोरून गेलं आणि मी झोपले होते."

 तो हळू, शब्द जुळवत म्हणाला, "एवढी एकच गोष्ट सांगितली होती."

"हो, एकच!" तिचा आवाज तिलाच परका वाटला. "तुमची एक, वन्संची एक, मुकादमाची एक, डॉक्टरांची एक. सगळ्यांची एकेकच असते हो! माझ्यापाशी येईपर्यंत त्यांचा ढीग होतो. मी थकलेय. तुम्हाला सांगत नाही, कारण तुम्ही तिथे पडलेले आणि मी हिंडतेफिरतेय, मग मी कुठल्या तोंडाने थकले म्हणायचं? पण मी थकलेय. समोरून डोंगर गेला असता तरी झोपले असते."

त्याने मान भिंतीकडे वळवली. तिला वाईट वाटलं, पण बोललेलं परत घ्यावंसं वाटलं नाही. तिने हातपाय धुतले. त्याला जेवण भरवलं, त्याने मुकाट्याने खाल्लं. तोंड पुसलं, औषध दिलं, शर्टाची वरची गुंडी सोडली.  मग खाटेशेजारी जमिनीवर तिने आपली चटई टाकली आणि खाटेकडे पाठ करून आडवी झाली.

ती नुकतीच पेंगुळली होती, एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने तो इतक्या घाईने उचलला की पाण्याचं भांडं खणखणलं.

"अरे ऐकतोयस का?" भोंगा. फोन कानाला लावलेला असूनही शब्द न् शब्द खोलीभर. "आत्ता सुटलो बघ! मी मागच्या टगवर होतो. अगदी शेपटाला. वाकणावरचं पाणी मी माझ्या डोळ्यांनी—"

"हळू," नवरा कुजबुजला.

"काय?"

"हळू बोल."

"ऐकू येत नाही! अरे, वाकणाचं सांगतोय! तू म्हणत होतास ना, की—"

"ती झोपलीय," नवरा म्हणाला. "नंतर कर."

"कोण? अरे, पण पाणी—"

आवाज तुटला. लगेच फोन पुन्हा वाजू लागला. मग त्याची धडपड तिला ऐकू आली. फोन बंद करायचा तर बटण दाबून धरावं लागतं, आणि बंद होताना तो मेला एक लांबलचक धून वाजवतो. एका हाताने त्याने तो मांडीखाली दाबला असावा, कारण धून घुसमटल्यासारखी वाजली आणि थांबली. खोली शांत झाली.

घडीबाई टक्क जागी होती. जिभेवर आलं होतं, 'अहो, घ्या ना फोन, मी जागीच आहे.' महिनाभर ज्या एका शब्दासाठी तो भांडला होता, तो शब्द त्याच्या कानाशी येऊन परत गेला होता. एवढं म्हटलं असतं तर त्याला तो आत्ताच्या आत्ता मिळाला असता.

ती बोलली नाही. तिच्या झोपेसाठी कुणी काही सोडलंय, असं आजवर झालं नव्हतं, आणि ते तिला हवं होतं. वर तो श्वाससुद्धा बेताने घेत होता. तिने डोळे घट्ट मिटून घेतले आणि झोपल्यासारखी पडून राहिली.